ओएस एक्सप्लोरर नकाशा: ब्रिटनच्या डोंगरात जायचंय तर बुटांच्या आधी हा घ्या

यूकेत नवीन आलेली आपली मंडळी, विद्यार्थी म्हणा, आयटीवाले म्हणा, उन्हाळा लागला की डोंगरात जायचं ठरवतात आणि मग पहिल्यांदा बूट घेतात, मग ते महागडं रेनजॅकेट, मग काठ्या, आणि रस्ता बघायला काय, फोन आहेच की. माझं म्हणणं आहे की खरेदीची सुरुवात ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ओएस, म्हणजे ब्रिटनची नकाशे बनवणारी सरकारी संस्था) नारिंगी कव्हरच्या नकाशापासून करा. एक्सप्लोरर सीरिज म्हणतात त्याला, प्रमाण १:२५,०००. दोघांनी एकदा पबमध्ये जेवायला जो खर्च येतो त्याहून कमी पैशात एक शीट येते आणि नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं चालते.

मी मँचेस्टरला राहते, त्यामुळे माझी सगळ्यात जास्त वापरली गेलेली शीट म्हणजे ओएल १, डार्क पीक, म्हणजे पीक डिस्ट्रिक्टचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग. घड्यांवर पार पांढरी पडलीये, एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे, आणि तरी मी ती बदलणार नाहीये. त्याशिवाय स्नोडनची ओएल १७, लेक डिस्ट्रिक्टच्या ओएल ४ ते ओएल ७ आणि बेन नेविसची ३९२ नंबरची शीट आहे. हा रिव्ह्यू या सगळ्यांच्या वापरावरून लिहितेय. पाचपैकी पावणेपाच स्टार, पाव का कापला ते पुढे येईलच.

आधी हे समजून घ्या की या कागदावर नक्की काय काय आहे, कारण बरेच जण कव्हर बघून हा टुरिस्ट मॅप असेल असं समजतात. नकाशावरचे चार सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. सगळ्या शीटवर निळ्या रेषांची चौकोनी जाळी आहे आणि एक चौकोन म्हणजे एक किलोमीटर बाय एक किलोमीटर, त्यामुळे पट्टी नसली तरी नुसत्या नजरेनं अंतर कळतं. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, डोंगराळ भागात दर १० मीटरला, सपाट भागात ५ मीटरला. ओढे, झरे, दलदल, कडे, मेंढ्यांचे गोठे, उजाड झालेल्या खाणी, पब, फोन बॉक्स, आणि या सगळ्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शेतांच्या दगडी भिंती. प्रत्येक भिंत! लँडरेंजर नावाची जी गुलाबी कव्हरची १:५०,००० ची सीरिज आहे तिच्यात या भिंती नाहीत, आणि डोंगरात चालणाऱ्याला एक्सप्लोरर घ्यायला सांगते ते मुख्यतः या भिंतींसाठीच. धुकं उतरलं की शिखर दिसत नाही, दरी दिसत नाही, पण गुडघ्याएवढी शेवाळलेली भिंत पायाशी येतेच, आणि ती कुठल्या दिशेनं चाललीये आणि तिला दुसरी भिंत कुठे मिळते हे कळलं की आपण कुठे आहोत ते कळतं.

माझ्या मैत्रिणीचे वडील नाशिकहून आले होते, काका आयुष्यभर सह्याद्रीत फिरलेले, गुडघे आता कुरकुरतात म्हणून त्यांना पीक डिस्ट्रिक्टमधल्या मॅम टॉर टेकडीवर घेऊन गेलो. ५१७ मीटर, बसनं जवळपर्यंत जाता येतं आणि वरपर्यंत फरसबंद पायऱ्या आहेत. वर पोचल्यावर काकांनी माझी ओएल १ ट्रिग पिलरवर, म्हणजे जुन्या मोजणीच्या काँक्रीटच्या खांबावर पसरली, चारी कोपरे दाबून धरले, आणि समोरच्या एडेलच्या दरीशी जुळवून घेत फिरवत फिरवत बरोबर उत्तरेला लावली. मग बोटानं एकेक भिंत धरून खाली उतरत गेले. म्हणाले, "अगं, ते तिकडं झाडाखाली एकटं घर दिसतंय ना, हे बघ ते, आणि त्याच्या मागची वाकडी भिंतसुद्धा दाखवलीये यांनी!" तेवढ्यात खालून शेफील्डकडून आलेली ट्रेन दरीच्या पश्चिम टोकाला डोंगरात शिरली. काकांनी लगेच ती रूळांची रेषा नकाशावर पकडली, बोगद्याच्या तुटक रेषेवरून बोट डोंगराखालून पलीकडच्या बाजूला नेलं आणि म्हणाले, "म्हणजे आता ती इथून बाहेर पडणार." आम्ही म्हटलं, काका, थंडी वाजतेय, चला आता. ते काही हलायला तयार नव्हते. त्यांनी तिथेच अर्धा तास घालवला आणि मला वाटतं ब्रिटनच्या सगळ्या ट्रिपमध्ये त्यांना सगळ्यात जास्त मजा तिथे आली.

नकाशाची खरी मजा ही आहे. आपण वाट शोधायला म्हणून तो घेतो आणि मग तो समोरचा डोंगर वाचायला शिकवतो. सह्याद्रीत आपल्याला वाट विचारायची सवय असते. पायथ्याच्या गावात एखादे मामा भेटतात, म्हशी घेऊन चाललेला पोरगा भेटतो, तो सांगतो की त्या आंब्यापासून उजवीकडे वळा, डावीकडची ढोरवाट आहे. इकडे वर गाव नाही, वस्ती नाही, डोंगरावर माणूस भेटला तरी तो तुमच्यासारखाच शहरातून आलेला. आणि ढोरवाटांऐवजी मेंढ्यांच्या वाटा, त्या इतक्या चांगल्या मळलेल्या असतात की कुणीही फसेल, छान अर्धा किलोमीटर नेतात आणि मग एका ओल्या खळग्यात गवताच्या झुबक्यापाशी संपतात. तिथे विचारायला नकाशाशिवाय कुणी नाही.

किंडर स्काउट या ओएल १ वरच्या डोंगराचं उदाहरण घेते कारण तो मला घरचा झालाय. उंची ६३६ मीटर, म्हणजे आकड्यात काहीच नाही, आपल्या कळसूबाईच्या १६४६ समोर टेकाडच. मँचेस्टरहून होप व्हॅलीच्या ट्रेननं एडेलला उतरायचं, अपर बूथकडून जेकब्स लॅडरच्या दगडी पायऱ्या चढून किंडर लोपाशी यायचं, तिथे ६३३ मीटरवर ट्रिग पिलर आहे, आणि पठाराच्या कडेकडेनं उत्तरेला किंडर डाउनफॉलपर्यंत. हा साधारण ३० मीटरचा धबधबा. पश्चिमेचा जोरदार वारा असला तर पाणी खाली पडतच नाही, उलटं वर उडतं, लांबून बघितलं तर कड्यावरून धूर निघतोय असं दिसतं. जूनमध्ये कापूसगवत फुलतं तेव्हा सगळं काळं पठार पांढऱ्या बोंडांनी भरतं. ऑगस्टमध्ये बिलबेरी खात खात चालायचं, बोटं आणि जीभ जांभळी. थंडीत नशीब असेल तर पांढरा झालेला डोंगरी ससा दिसतो, बर्फ वितळून गेलेलं असताना तो काळ्या मातीवर इतका उठून दिसतो की त्याची काळजीच वाटते. आणि रेड ग्राउस नावाचा पक्षी पायाखालून एकदम फडफडत ओरडत उठतो, प्रत्येक वेळी दचकायला होतं.

पण पठाराच्या मधे शिरलात की गोष्ट वेगळी. तिथे पीट आहे, म्हणजे हजारो वर्षांत साठलेली काळी दलदलीची माती, आणि पाण्यानं तिच्यात माणसाच्या उंचीचे चर पाडलेत. चरात उतरलं की काही दिसत नाही, वर चढलं की पुढचा चर, दोन-चार चढउतारांत दिशेचा पत्ता लागत नाही. सगळ्यात उंच जागा पण त्या पीटमधेच कुठेतरी आहे, ट्रिग पिलरपाशी नाही. ओएल १ वर हा भाग उघडून बघा, कंटूर जवळजवळ नाहीतच, निळ्या बारीक रेषांचं नुसतं जाळं. म्हणजे कागद तुम्हाला आधीच सांगतोय की इथे उंचीवरून काही कळणार नाही, होकायंत्र काढा. आणि कडेची वाट बघा, तिथे एका बाजूला कंटूर दाट आणि काळ्या कड्याच्या खुणा, म्हणजे उतार सतत एका हाताला ठेवून चाललं तर धुक्यात पण वाट सुटत नाही. वूलपॅक्स, पिम चेअर, नो स्टूल अशी वाऱ्यानं घासलेल्या मोठमोठ्या दगडांची नावं छापलेली आहेत, एकेक दगड धुक्यातून पुढे येतो आणि आपण नकाशावर बोट पुढे सरकवतो, यात जो आनंद आहे तो निळा ठिपका बघत चालण्यात नाही हो.

आता त्या पिवळ्या रंगाबद्दल. एक्सप्लोररवर डोंगराचे मोठमोठे भाग फिकट पिवळे रंगवलेत, कडेला नारिंगी-तपकिरी किनार. त्याचा अर्थ ही अ‍ॅक्सेस लँड आहे, तिथे वाट असो नसो, तुम्ही पायी कुठूनही जाऊ शकता. मालकी खाजगी असली तरी. हे सहज मिळालेलं नाही. किंडरचं हे माळरान एकेकाळी ग्राउसच्या शिकारीसाठी राखलेलं होतं आणि मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना रविवारी तिथे पाय ठेवायची परवानगी नव्हती. २४ एप्रिल १९३२ ला हेफील्डहून शेकडो तरुण मुद्दाम कायदा मोडून वर चढले, रखवालदारांशी झटापट झाली, त्या तरुणांतल्या पाच जणांना तुरुंगात टाकलं. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा विशीतला पोरगा होता. पुढे १९४९ मध्ये नॅशनल पार्कचा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हा पहिला नॅशनल पार्क झाला, आणि मोकळ्या डोंगरावर फिरायचा हक्क इंग्लंड-वेल्समध्ये थेट २००० सालच्या कायद्यानं मिळाला. नकाशावरचा पिवळा रंग तेव्हापासूनचा. मला तो बघून दरवेळी बरं वाटतं. एवढं मात्र लक्षात ठेवा की हा हक्क चालायचा आहे, तंबू ठोकायचा नाही, कुत्र्यांचे नियम वेगळे आहेत, आणि पिवळ्या भागापर्यंत पोचायला मात्र हक्काचीच वाट लागते. स्कॉटलंडमध्ये हा रंग शोधू नका, तिथे २००३ च्या कायद्यानं जवळजवळ सगळीकडेच जबाबदारीनं फिरता येतं, मुक्कामही करता येतो, म्हणून वेगळा रंग द्यायची गरजच पडत नाही.

वाटांच्या रंगाबद्दल मात्र सगळ्यात जास्त गैरसमज होतो म्हणून जरा सविस्तर सांगते. हिरव्या तुटक रेषा म्हणजे कायद्यानं हक्काची वाट, छोटे तुकडे असतील तर पायवाट, लांब तुकडे असतील तर घोडे-सायकललाही मुभा. काळ्या तुटक रेषा म्हणजे जमिनीवर खरोखर दिसणारी वाट. या दोन गोष्टी एकच असतील असं नाही! हिरवी रेषा कायद्याच्या कागदपत्रांवरून छापलीये, ती सरळ दलदलीतून जाईल, उंच गवतातून जाईल, तिथे पाऊलखूण असेलच असं नाही. नवीन लोक हिरवी रेषा म्हणजे फरसबंद रस्ता समजून संध्याकाळी तिच्या भरवशावर खाली उतरायला निघतात आणि कमरेएवढ्या ब्रॅकनमध्ये, म्हणजे नेच्याच्या रानात, अडकतात. हिरव्यासोबत काळी रेषा पण आहे का ते बघा, दोन्ही असल्या तर खुशाल जा. नुसती हिरवी असेल तर हातात वेळ असतानाच जा.

वेल्समधल्या स्नोडनला, म्हणजे अर विथ्वाला, आपली बहुतेक मंडळी पेन-अ-पासच्या पार्किंगहून पिग ट्रॅक नावाच्या वाटेनं जातात. ओएल १७ वर ही वाट घरी टेबलावर एकदा चालून बघा. पेन-अ-पास ३५९ मीटर, शिखर १०८५, म्हणजे चढ ७२६ मीटर, अंतर साधारण साडेपाच किलोमीटर. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये दिलेला एक सोपा हिशोब आहे, ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यानं सव्वादोन-अडीच तास येतात, फोटो, डबा आणि दम खाणं धरून तीन. आता बुल्ख अ मोख नावाच्या खिंडीपाशी थांबा. इथे वाट फुटते आणि इथेच दरवर्षी लोक चुकतात. एक वाट सरळ वर क्रिब गोखला जाते, ९२३ मीटरची सुरीसारखी धार, दोन्ही बाजूंना खोल दरी, हातांनी धरत जायचं काम, वारा असेल तर अनुभवी माणसंही टाळतात. पिग ट्रॅक खिंड ओलांडून डावीकडे लिन लिडाऊ तळ्याच्या वरच्या अंगानं आडवा जातो. दोन्ही वाटा खिंडीपाशी सारख्याच मळलेल्या, पुढे चार माणसं क्रिब गोखकडे चाललेली दिसली की मागचे दहा जण त्यांच्यामागे जातात. पण नकाशावर फरक इतका स्वच्छ आहे की एकदा बघितला की विसरणं शक्य नाही. पिग ट्रॅकची रेषा कंटूरच्या जवळजवळ सोबतीनं जाते, क्रिब गोखची रेषा कंटूरना काटकोनात कापत सरळ वर. म्हणून खिंड ओलांडल्यावर वाट एकदम खडी झाली आणि हात टेकायला लागले तर समजा की ही आपली वाट नव्हे, मागे फिरा.

उतरतानाही तसंच. शिखरावरून उत्तरेला अर्धा किलोमीटरवर बुल्ख ग्लासपाशी एक उभा दगड आहे, तिथून उजवीकडे नागमोडी उतरलं की पिग आणि मायनर्स ट्रॅक. धुक्यात तो दगड नजरेतून सुटला तर माणूस रेल्वेच्या रुळाच्या सोबतीनं सरळ लॅनबेरिस गावाला उतरतो. १८९६ ची छोटी रेल्वे आहे ती, वाट सोपी आहे, जिवाला धोका नाही, पण गाडी राहते पेन-अ-पासला आणि आपण डोंगराच्या पलीकडे. बाय द वे, पेन-अ-पासच्या पार्किंगला आधी बुकिंग लागतं, शेर्पा नावाची बससेवा आहे ती बरी पडते, आणि येताना मायनर्स ट्रॅकनं तीन तळ्यांच्या काठानं आलात तर दिवसाचं सोनं होतं. ग्लासलिनचं पाणी त्या तांब्याच्या खाणींच्या भागात असं काही निळं-हिरवं दिसतं की फोटोत येत नाही.

बेन नेविसला नकाशा आणि होकायंत्र दोन्ही वापरता येणं हे आवडीनिवडीचं काम नाही, ते यायलाच पाहिजे. १३४५ मीटर, ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर, आणि चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते. वरचं पठार बरंचसं सपाट, उत्तरेला शेकडो मीटरचा कडा, दक्षिण-पश्चिमेला खोल घळी, आणि वर्षातले बहुतेक दिवस शिखर ढगात. बर्फ आणि ढग एक झाले की कडा कुठे सुरू होतो ते डोळ्याला कळत नाही. उतरायला दोन बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावर धरायच्या दिशा, ठरलेल्या आहेत: ट्रिग पिलरपासून ग्रिड बेअरिंग (नकाशाच्या जाळीच्या उत्तरेपासून मोजलेला कोन) २३१ अंश, १५० मीटर, आणि मग २८२ अंश. पावलं मोजत जायचं. पहिल्या टप्प्यात गार्डीलू गली ही घळ टळते, दुसऱ्यात फाइव्ह फिंगर गली. ३९२ नंबरच्या शीटवर हे दोन टप्पे घरी पेन्सिलनं आखून बघा, पट्टीच्या दोन्ही बाजूंना काय काय आहे ते बघितलं की तेच आकडे का ठरले हे आपोआप पटतं. बर्फात जायचं तर आधी कोर्स करा, नुसत्या नकाशावर जाऊ नका.

होकायंत्रावरून आठवलं, पूर्वी इकडे चुंबकीय उत्तर आणि ग्रिडची उत्तर यात बरेच अंश फरक असायचा आणि बेअरिंग घेताना मिळवा-वजा करा चालायचं. आता तो फरक इतका कमी झालाय की नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिण किनाऱ्यावर लँग्टन मॅट्रॅव्हर्सला खरी उत्तर, ग्रिड उत्तर आणि चुंबकीय उत्तर तिन्ही एका रेषेत आल्या. जुनी शीट वापरत असाल तर तिच्यावर छापलेला फरक आता चालणार नाही, एवढं बघून घ्या.

ट्रिग पिलरबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नकाशावर निळा त्रिकोण आणि मधे ठिपका. डोंगरावर चार फुटी काँक्रीटचा खांब, माथ्यावर तीन खाचांची पितळी तबकडी ज्यात थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) बसवायचे, आणि बाजूला नंबर कोरलेली धातूची पट्टी. १९३६ पासून सगळ्या देशाची नव्यानं मोजणी केली तेव्हा साडेसहा हजारांहून जास्त खांब उभे केले, सामान माणसांनी आणि घोड्यांनी वर वाहून नेलं. मुळात ही संस्था १७९१ ची, तोफखान्याच्या खात्यातून निघालेली. १७४५ च्या बंडानंतर स्कॉटलंडच्या डोंगरात सैन्याला नीट नकाशे नव्हते, तिथल्या मोजणीतून विल्यम रॉय यांनी ही कल्पना पुढे रेटली. त्रिकोणांनी देश मोजायची हीच रीत लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासला सुरू केली आणि पुढे राधानाथ सिकदारांच्या आकडेमोडीपर्यंत आणि एव्हरेस्टपर्यंत गेली. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट किती वर्षं सहज हाती लागत नव्हत्या, ट्रेकर्सच्या घरी झेरॉक्सच्या झेरॉक्स असायच्या, नियम २०२१ मध्ये बरेच सैल झाले. म्हणून काकांसारख्या माणसाला गावातल्या दुकानात चिप्स आणि पोस्टकार्डांच्या शेजारी टांगलेला असा नकाशा दिसला की त्यांना अप्रूप वाटतं, आणि मला ते पूर्ण समजतं. आणि मोजणी संपलेली नाही बरं का. वेल्समधला ग्लाइडर फॉर ९९९ मीटर समजला जायचा, २०१० मध्ये पुन्हा मोजला आणि आता तो १००१ आहे. बेन नेविसही १३४४ चा १३४५ झाला, २०१६ मध्ये.

आता पाव स्टार का कापला ते. एक, आकार. पूर्ण उघडला तर टेबलभर होतो, आणि वाऱ्यात त्याची घडी घालणं म्हणजे वादळात गच्चीवर एकट्यानं चादर घडी करणं. उपाय सोपा आहे, घरातून निघतानाच त्या दिवसाचा भाग वर येईल अशी घडी घाला आणि गळ्यात अडकवायच्या प्लॅस्टिकच्या मॅपकेसमध्ये ठेवा, दिवसभर उघडायची गरज पडत नाही. दोन, साधा कागद पावसात लगदा होतो. अ‍ॅक्टिव्ह नावाचं लॅमिनेट केलेलं व्हर्जन मिळतं, महाग आणि जड आहे, घडी जाड होते, पण थंडीत जाणाऱ्यांनी तेच घ्यावं. तीन, शीटच्या सीमा. लेक डिस्ट्रिक्टला चार शीट लागतात आणि चांगले लांब रूट नेमके दोन शीटवर पसरतात. चार, खूप कडेकपारी असलेल्या जागी, क्रिब गोखच्या आसपास वगैरे, काळ्या खडकांच्या खुणांत कंटूर झाकले जातात, आणि अक्षरं बारीक आहेत, चाळिशीवाल्यांनी चष्मा न्यायलाच हवा. हार्वे नावाच्या कंपनीचे नकाशे या बाबतीत जास्त स्वच्छ वाटतात, वॉटरप्रूफ, हलके, फक्त डोंगरापुरते, कंटूर १५ मीटरचे. फक्त डोंगरमाथ्यावरच चालणार असाल तर हार्वे उत्तम. पण गावातून, शेतांतून, भिंतींमधून वर चढायचं असेल, बस स्टॉप शोधायचा असेल, तर मी ओएसच उचलते.

आणि फोन? फोन न्या की. कागदी शीटच्या आत एक कोड येतो, खरवडून टाकला की तीच शीट ओएसच्या अ‍ॅपमध्ये मिळते, ही चांगली सोय आहे, सिग्नल नसताना वापरायला आधी डाउनलोड करून ठेवा. आपण नेमके कुठे आहोत याची खात्री करायला फोन उत्तम. पण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, ओल्या काचेवर बोट चालत नाही, हातमोजे काढावे लागतात, आणि मुख्य म्हणजे तळहाताएवढ्या काचेत आजूबाजूचा डोंगर मावत नाही. हवा बिघडली, पायात गोळा आला, तर कुठल्या बाजूनं लवकर खाली उतरता येईल हे बघायला सगळा डोंगर एकदम डोळ्यासमोर लागतो. मदत लागलीच तर ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं, आणि त्यांना सहा आकडी ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशाच्या जाळीवरून काढलेला आपल्या जागेचा आकडा, द्यायचा. रेस्क्यूवाले बहुतेक सगळे स्वयंसेवक आहेत, रात्री अंथरुणातून उठून येतात, त्यांना नेमकी जागा सांगता यावी एवढं तरी घरी बसून शिकून घ्या, नकाशाच्या कडेलाच उदाहरणासकट समजावलंय, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी: मँचेस्टर, शेफील्ड, लीड्सकडे राहणाऱ्यांनी ओएल १, बर्मिंगहॅम-लिव्हरपूलवाल्यांनी ओएल १७, आणि लेक डिस्ट्रिक्टला जायचं तर हेल्वेलिनसाठी ओएल ५, केझिक आणि कॅटबेल्ससाठी ओएल ४. लहान मुलं असतील तर कॅटबेल्स घ्या, ४५१ मीटर, वरून डरवेंटवॉटर तळं पूर्ण दिसतं, आणि मुलांच्या हातात नकाशा देऊन पुढचं फाटक कधी येईल ते त्यांनाच सांगायला लावा, अर्ध्या वाटेत रडायची विसरतात. ऑनलाइन मिळतातच पण जमलं तर केझिक किंवा बेतुस-अ-कोइडच्या एखाद्या आउटडोअर दुकानात जाऊन शीट उघडून बघून घ्या. सोबत साधं बेसप्लेट होकायंत्र, १:२५,००० ची पट्टी कडेला असलेलं. ओएल १ दोन्ही बाजूंनी छापलेली आहे, एडेल आणि किंडर पश्चिमेच्या बाजूला येतात, तेव्हा निघण्याआधी ती बाजू वर करून घडी घाला.